घासलेल्या तारखा

मामाने पिशवीतून पोलादाचा तुकडा काढला आणि ऑफिसातल्या काचेच्या टेबलावर ठेवला. काच करकरली तशी भाची खुर्चीतून उठली.

"मामा, खाली ठेव. जमिनीवर."

"काही होत नाही. काच जाड आहे."

काच जाड होती, पण अठरा किलोच्या तुकड्याइतकी नव्हती. तुकडा उचलला तेव्हा खाली वीतभर ओरखडा निघाला. भाचीने त्यावर एक फाइल सरकवली, ती पुढचे चार महिने तिथून हलली नाही.

भाची एका लहानशा पेटंटच्या ऑफिसात होती. कोणी नवीन काही शोधून काढलं म्हणून आला, की ते जगात आधी कोणी केलंय का, हे धुंडाळून सांगायचं, हे तिचं काम. शिक्षण इंजिनिअरिंगचं. कायद्याची पदवी तिच्याकडे नव्हती, तरी मामा तिला वकीलबाई म्हणायचा. शंभरदा सांगून झालं होतं. मामाला एकदा चिकटवलेलं नाव काढायची सवय नव्हती.

त्याला स्वतःला तरी कुठे खरं नाव उरलं होतं. गावाबाहेर मोठ्या रस्त्याला लागून त्याची पत्र्याची शेड होती आणि तीस वर्षं तो एकच काम करत होता. जमीन खोदणाऱ्या मशीनच्या पुढे जी लोखंडी बकेट असते, तिची झिजलेली कड कापून नवी बसवायची. इंजिन बघायचा नाही, नळ्या बघायचा नाही. "बकेट आणा, बाकीचं मशीन घरी ठेवा," असं त्याने शेडवर रंगवून घेतलं होतं. येणारा प्रत्येक ड्रायव्हर त्याला मामा म्हणे, त्यामुळे सख्ख्या भाचीचा त्या शब्दावर काही खास हक्क राहिला नव्हता. ग्राइंडरच्या आवाजाने त्याचे कान मंद झाले होते, म्हणून तो बोलायचा मोठ्याने. भाचीचं लग्न ठरलं तेव्हा सगळे मुलाची नोकरी विचारत होते. मामाने फक्त त्याचे पुढचे दात निरखले आणि आईच्या कानात, म्हणजे अख्ख्या दिवाणखान्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "कड सरळ आहे. देऊन टाक."

"आता सांग, काय झालं?" भाचीने विचारलं.

झालं होतं ते असं. एका मोठ्या कारखान्याचा विक्रेता जवळच्या दगडाच्या खाणीत, मामाच्या गिऱ्हाइकांकडे, येऊन गेला होता. त्याच्याकडच्या चित्रात मामाच्या कडेसारखीच कड होती. आणि जाताजाता तो ड्रायव्हर लोकांना म्हणाला होता, की थोड्या दिवसांनी ही कड आमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला बनवताच येणार नाही, बनवली तर कोर्टाची नोटीस येईल. मामाच्या शेडमध्ये दहापैकी नऊ बकेटींना हीच कड लागत होती.

"तर मला त्याआधी पेटंट काढून दे," मामा म्हणाला, दाखला काढून दे म्हणावं तसं.

"बरं. यात नवीन काय आहे?"

"चांगलं खोदतं."

"ते झालंच. पण वेगळं काय आहे?"

"सांगतोय ना, चांगलं खोदतं. ड्रायव्हरला विचार."

"मामा, ड्रायव्हरला विचारून अर्ज लिहिता येत नाही. आकार सांग. माप सांग. का केलंस ते सांग."

मामाने खिशातून खडू काढला आणि ऑफिसच्या फरशीवर गुडघे टेकून चित्र काढायला सुरुवात केली. साहेब नेमके तेव्हाच केबिनमधून बाहेर आले, चित्राला वळसा घालून गेले. काही बोलले नाहीत, पण भिवया बोलल्याच.

दीड तास गेला. तिचं डोकं भणभणायला लागलं, तरी त्या दीड तासात हळूहळू गोष्ट कळत गेली. नेहमीची कड सरळ असते. मामाने कडेच्या पुढे आलेल्या दोन-दोन दातांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या खाचा काढल्या होत्या, मधल्या उथळ आणि दोन्ही टोकांच्या खोल, कारण बकेट जमिनीत शिरताना टोकांवर जोर जास्त येतो. शिवाय कडक वेल्डिंगचा थर त्याने फक्त खालच्या बाजूला दिला होता. वरची मऊ बाजू आधी झिजते, खालची टिकते आणि कडेला आपोआप धार येत राहते.

"उंदराचे दात असतात ना, तसं," मामा म्हणाला. "पुढून कडक, मागून मऊ. उंदीर कधी धार लावायला जातो का?"

हे त्याने पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं तर तिचा दीड तास वाचला असता. पण पहिल्या मिनिटाला त्याला वाटत होतं, की हे तर कोणालाही दिसेल, ते काय सांगायचं.

पुढचे तीन आठवडे भाचीने शोधण्यात घालवले. बकेटच्या कडेवर माणसांनी इतकं डोकं चालवलं असेल याची तिला कल्पना नव्हती. लाटेसारख्या कडा, करवतीसारख्या, उलट्या लावता येणाऱ्या. एका बाजूला कडक थर देण्याची युक्ती पन्नास वर्षं जुनी निघाली. सारख्या मापाच्या खाचा तर ढिगाने होत्या. पण टोकाला खोल, मध्ये उथळ आणि थर फक्त खालून, असं तिन्ही एकत्र कुठेच सापडेना. रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा. मामा आईचा धाकटा भाऊ, त्यामुळे आईचा जीव टांगणीला.

"सापडलं का गं?"

"आई, न सापडणं चांगलं असतं."

"मग तीन आठवडे काय शोधतेयस?"

शेवटी तिने अहवाल लिहिला: नवीन दिसतं, अर्ज करण्याजोगं आहे. साहेबांनी दोनदा वाचून मान हलवली. मामाला बोलावलं. मामी पण आली, चांगली साडी नेसून. भाचीने समजावून सांगितलं तेव्हा मामाची छाती फुगली आणि फुगलेल्या छातीने तो म्हणाला, "सापडेल कसं? नऊ वर्षं झाली, असली कड माझ्याशिवाय कोणाला जमलेली नाही."

भाचीचा हात कागदावरच थांबला.

"नऊ वर्षं काय?"

"नऊ वर्षं बसवतोय की मी. तीनशे तरी बकेटी झाल्या असतील."

ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाकडून ती अकरा प्रश्नांचा एक कागद आधी भरून घ्यायची. त्यातला तिसरा प्रश्न होता, ही वस्तू आजवर कोणाला विकली आहे का. मामाकडून तिने तो भरून घेतला नव्हता. घरचाच माणूस, त्याला काय कागद द्यायचा, असं तिला वाटलं होतं. आता साहेब केबिनच्या दारात उभे होते, आणि कान लाल होणं म्हणजे काय ते तिला कळत होतं.

तिने मामाला जमेल तितक्या शांतपणे सांगितलं. अर्ज करण्याआधीच जी गोष्ट उघडपणे वापरात आहे, तिचं पेटंट मिळत नाही. नऊ वर्षं ती कड खाणीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

"पण माझीच आहे ना?"

"तुझीच आहे. तरी नाही मिळत."

"हे कोणी ठरवलं?"

"मी नाही ठरवलं, मामा."

मामी म्हणाली, "मी म्हणत होते, आधी भाचीला विचारा. तर म्हणे, तिला कशाला त्रास."

"तू कधी म्हणालीस?"

"मनात म्हणाले."

मामाने टेबलावरच्या फाइलवरून एकदा बोट फिरवलं. मग उठला आणि म्हणाला, "बरं. बघतो मी." हे 'बघतो मी' ऐकून तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण ती साहेबांना काय उत्तर द्यायचं या विवंचनेत होती.

चार दिवस मामाचा फोन लागेना. पाचव्या दिवशी तो स्वतःच आला, डोळे लाल, हातांना काळं.

"झालं काम," तो म्हणाला. "आता कोणी म्हणू शकणार नाही की जुनं आहे."

त्याची एक पद्धत होती, ती भाचीला त्या दिवशी कळली. पूर्वी ड्रायव्हर लोक येऊन भांडायचे, की मामा, परवाच तर बसवली आणि लगेच झिजली. परवा म्हणजे आठ महिन्यांपूर्वी. ते भांडण मिटवायला मामाने प्रत्येक बकेटच्या आतल्या बाजूला वेल्डिंगनेच महिना आणि वर्ष लिहायला सुरुवात केली. चार ठसठशीत आकडे. मग कोणी तोंड उघडलं की मामा फक्त बोट दाखवायचा. तर गेले चार दिवस, ग्राइंडर आणि जनरेटर टेम्पोत घालून, तो बारा खाणी फिरला होता आणि जुनी दिसेल त्या प्रत्येक बकेटवरची तारीख त्याने घासून सपाट केली होती.

भाचीने डोक्याला हात लावला. खरोखरच लावला, दोन्ही.

"मामा, ही फसवणूक आहे."

"कोणाची? तारीख मीच लिहिली, मीच पुसली."

"मी खोटा अर्ज करणार नाही."

"खोटा कुठे? मी काहीच म्हणत नाहीये. फक्त तारीख नाहीये."

"तीनशे ड्रायव्हर आहेत ना? त्यांची तोंडं पण घासून आलास का?"

मामाने यावर विचार केला. "त्यांना सांगता येईल," तो म्हणाला.

ती इतकी चिडली की तिने त्याला चहासुद्धा विचारला नाही. मामा गेला. रात्री आईने फोनवर तिलाच झापलं, की माझा भाऊ चार दिवस उन्हातान्हात फिरला आणि तू त्याला बसूसुद्धा दिलं नाहीस.

आणि त्याच आठवड्यात कारखान्याचा अर्ज उघड झाला. पेटंटचा अर्ज केला की तो दीड वर्ष बंद असतो, मग सगळ्यांना वाचायला खुला होतो. दर आठवड्याला खुल्या झालेल्या अर्जांची यादी चाळणं भाचीच्या अंगवळणी पडलं होतं. यादीत त्या कारखान्याचं नाव दिसलं. तिने चित्र उघडलं. टोकाला खोल खाचा, मध्ये उथळ, थर खालून. चित्र काढणाऱ्याने मामाची बकेट समोर ठेवूनच काढलं असावं, कारण मामा डावीकडच्या कोपऱ्यात सवयीने वेल्डिंगचा जो एक जादा टाका मारायचा, तोही त्यात होता.

ती साहेबांकडे गेली.

"हे मंजूर झालं तर?"

"तर तुझ्या मामाला त्याचीच कड बनवणं बंद करावं लागेल," साहेब म्हणाले. "अडवायचा मार्ग एकच. मंजुरीच्या आधी विरोध दाखल करायचा. त्यांच्या अर्जाच्या तारखेआधी ही कड उघडपणे वापरात होती हे सिद्ध करायचं. तारखेसकट. काही आहे का तुझ्याकडे? तारीख असलेलं?"



बिलं नव्हती. मामा बिलं देत नव्हता. जुने फोटो असलेला फोन पाण्याच्या पिंपात पडला होता. तारखा होत्या, वेल्डिंगने पोलादात लिहिलेल्या, जगातल्या कुठल्याही कागदापेक्षा पक्क्या.

तिने शेडमध्ये जाऊन त्याला हे सांगितलं, तेव्हा मामाने तोंडावरचा वेल्डिंगचा मुखवटा वर केला.

"म्हणजे परवापर्यंत नडत होत्या, त्याच आता पाहिजेत?"

"हो."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का?" तिचा आवाज शेडच्या पत्र्याला जाऊन लागला. "ग्राइंडर उचलायच्या आधी एक फोन करायचा होतास. एकच. एखादी तरी राहिली असेल की नाही? चुकून?"

"मी काम अर्धं सोडत नाही," मामा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याने मान खाली घातली.

 शेडमध्ये सात बकेटी रांगेने पालथ्या पडल्या होत्या. ही कड गेली तर मामा काय करणार होता? या वयात त्याला दुसरं कोण काम देणार होतं, आणि दिलं तरी तो कोणाचं ऐकणार होता? तिचा राग विरला नव्हता, पण त्याच्या शेजारी आता काळजीही येऊन बसली, आणि दोघं मिळून तिला काही सुचू देईनात.

मामाने बाजूला पडलेला एक कापलेला तुकडा उचलला, उगाच हातात फिरवला. मग थांबला.

"मी फक्त वरचं घासलंय," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे?"

"वेल्डिंग वर बसत नाही, वकीलबाई. आत उतरतं. दोन-तीन मिलिमीटर. मी पट्टी लावून सपाट केलं, खोल नाही गेलो. प्लेट बारीक करून कसं चालेल, गिऱ्हाइकाची बकेट आहे."

वेल्डिंग नीट आत उतरलंय का हे बघायला तो तुकडा कापून, घासून त्यावर पातळ ॲसिड फिरवायचा. मूळ पोलाद आणि वेल्डिंगचं पोलाद वेगवेगळं काळवंडतं आणि सीमा स्पष्ट दिसते. रोजचं काम होतं ते त्याचं. चार दिवस त्याला हे आठवलं नव्हतं, कारण चार दिवस तो पुसायच्या मागे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दगडाच्या खाणीत गेले. सोबत साहेब, कॅमेरावाला आणि शिक्का मारणारा नोटरी, ज्याने नवे बूट घातले होते आणि त्याबद्दल तो सतत बोलत होता. भाचीला चालती बकेट नको होती, कारण चालत्या बकेटची कड बदललेली असू शकते. खाणीच्या मुकादमाला एक आठवली. चार वर्षांपूर्वी विकलेल्या मशीनची, तडा गेलेली. मशीन घेणाऱ्याने बकेट नेली नाही, ती मागच्या कोपऱ्यात पडून होती. विक्रीचे कागद खाणीच्या ऑफिसात होते. बकेटमधून कमरेइतकं गवत उगवलं होतं आणि त्या गवताच्या आतसुद्धा घासल्याची चकचकीत जागा दिसत होती.

"एवढ्या कोपऱ्यातली पण सोडली नाहीस?" भाची म्हणाली.

"मामांनी गवत बाजूला धरायला मलाच लावलं होतं," मुकादम म्हणाला. "मला वाटलं, काहीतरी सरकारी काम असेल."

मामाने हातमोजे घातले. आधी बारीक कागदाने जागा आरशासारखी केली. मग बाटलीतून कापसाच्या बोळ्यावर थोडं ॲसिड घेऊन हलकेच फिरवलं. काहीच दिसेना. नोटरीने घड्याळ बघितलं. मामाने पुन्हा एकदा बोळा फिरवला, पाण्याने धुतलं, आणि सगळ्यांना मागे सारून एकटाच वाकून बघत राहिला. 

"ये बघ," तो म्हणाला.

राखाडी पोलादावर फिकट, कडा थोड्या पसरलेल्या, पण वाचता येणारे चार आकडे होते. सात वर्षांपूर्वीचा एप्रिल. कॅमेरावाल्याने फोटो काढले, साहेबांनी टेप लावून मापं घेतली, भाचीने लिहून घेतली. मुकादमाने सांगितलं ते नोटरीने नोंदवलं.

खरी अडचण संध्याकाळी ऑफिसात आली. मामाच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा भाचीने वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, की सदर तारखा मी स्वतः ग्राइंडरने घासल्या, कारण कड जुनी असल्याचं लपवून पेटंट मिळवावं असा माझा गैरसमजातून आलेला विचार होता.

"हे कशाला? गंज काढला म्हण."

"गंज नव्हता."

"अगं, पण हे म्हणजे मी चारचौघांत लिहून द्यायचं, की मी मूर्ख आहे आणि वर लबाड."

"घासलेली जागा फोटोत दिसतेय," साहेब म्हणाले. "का घासली, हे तुम्ही सांगितलं नाही तर त्यांचा वकील सांगेल. आणि तो तुमच्यासारखं सांगणार नाही."

मामाने भाचीकडे पाहिलं. तिला त्या क्षणी ते वाक्य खोडून टाकावंसं वाटलं. ज्याने तीस वर्षं कोणाची एक बकेट कच्ची सोडली नाही, त्या माणसाकडून ती हे लिहून घेत होती. पण तिने पेन पुढे केलं. "मामा, मी पण माझ्या अहवालात लिहिलंय, की मी तुला तो तिसरा प्रश्न विचारला नाही. साहेबांनी वाचलंय ते."

"काय म्हणाले?"

"ते तुला नको."

मामाने सही केली. वेल्डिंगच्या आकड्यांसारखीच, ठसठशीत आणि दाबून. खालच्या दोन पानांवर उमटली.

निकाल यायला सव्वा वर्ष लागलं. सव्वा वर्षात आईने रोज विचारलं, मामीने एक दिवसाआड, आणि मामाने एकदाही नाही. तो कड बनवत राहिला, पण दारात अनोळखी गाडी थांबली की ग्राइंडर बंद करून बघायचा, असं मामी सांगायची. कारखान्याच्या वकिलाने घासण्यावर चार पानं लिहिली होती. निकाल लिहिणाऱ्याने त्याला दोन ओळींत उत्तर दिलं: घासणाऱ्याने स्वतःच कबूल केलं आहे, म्हणून त्याच्या बाकीच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायला अडचण दिसत नाही. कारखान्याचा अर्ज नामंजूर झाला.

भाचीने मामाला ताबडतोब फोन केला.

"म्हणजे आता माझं?" मामाने विचारलं.

"पेटंट कोणाचंच नाही. पण तुला कोणी थांबवू शकत नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि त्याने सोडलेला श्वास तिला फोनमधूनही ऐकू आला. "वाचून दाखव. माझ्या बकेटबद्दल लिहिलंय ते."

तिने वाचलं. मधल्या खाचा अठरा मिलिमीटर खोल, टोकाच्या एकतीस.

"अठरा नाही. बावीस."

"आम्ही टेप लावून मोजलंय, मामा."

"झिजलेली मोजलीत. दाताची टोकं झिजली, की खाच उथळ दिसणारच. नवी बावीसची असते."

"त्याने निकालाला काही फरक पडत नाही."

"निकालाला नाही पडत. हे कोणीही वाचू शकतं म्हणालीस ना? उद्या कोणीतरी हे वाचून अठराची कापेल. दगडात पहिल्याच महिन्यात दात मुळापासून उपटून येईल. आणि नाव माझं लागेल."

"मामा, सव्वा वर्षानंतर आपण जिंकलोय."

"ते झालंच. पण बावीस कर."

तिने समजावलं, की निकालात असा बदल करता येत नाही. तो म्हणाला, अर्ज करून बघ. तिने सांगितलं, लोक हसतील. तो म्हणाला, घासल्याचं लिहून दिलं तेव्हा हसले नसतील का.  फोन ठेवून ती पाच मिनिटं नुसती चरफडत बसली. मग तिने कोरं पान उघडलं, वर तारीख घातली आणि लिहायला घेतलं: विषय, खाचेच्या मापातील दुरुस्तीबाबत.